रिकामे मन, भरलेले पोट

मराठी वाचकाला लाओत्से बहुधा निवृत्तीच्या वाटेवर भेटतो. ओशोंची हिंदी प्रवचने, दिनदर्शिकेच्या पानाखालचे एखादे सुभाषित, योगवर्गाच्या भिंतीवर लावलेले संथ पाण्याचे छायाचित्र या साऱ्यांतून एक वृद्ध आपल्यासमोर उभा राहतो. जगाला कंटाळून तो बैलावर बसून पश्चिमेच्या खिंडीतून निघून चालला आहे. खिंडीवरच्या पहारेकऱ्याने अडवून आग्रह केला, म्हणून त्याने पाचेक हजार चिनी अक्षरांचे एक पुस्तक लिहून दिले आणि मग तो कुणालाच दिसला नाही. कथा सुंदर आहे. इ.स.पू. १००च्या सुमारास ती नोंदवणाऱ्या सीमा छ्येन या इतिहासकाराला मात्र लाओत्से नेमका कोण याविषयी स्वतःलाच खात्री नव्हती, आणि तसे त्याने प्रामाणिकपणे लिहूनही ठेवले आहे.

आम्ही दोघे एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. चिनी आम्हाला येत नाही. लाउ, वॉटसन आणि ग्रेअम यांची इंग्रजी भाषांतरे शेजारी-शेजारी ठेवून, शनिवारी दुपारी तास संपल्यावर उरणाऱ्या सात-आठ विद्यार्थ्यांबरोबर आम्ही हे ग्रंथ गेली काही वर्षे वाचत आहोत. एम. ए.च्या अभ्यासक्रमाशी त्यांचा काहीएक संबंध नाही, किंबहुना म्हणूनच वाचत आहोत. ‘ताओ ते चिंग’ आरंभापासून अखेरपर्यंत सलग वाचताना प्रथम जाणवले ते हे, की हे पुस्तक अरण्यात जाणाऱ्याला उद्देशून लिहिलेलेच नाही. त्याचा श्रोता राजा आहे, निदान राजाच्या कानाशी असलेला मनुष्य तरी आहे. कर किती घ्यावा, सैन्य केव्हा हलवावे, कायदे वाढले की चोर का वाढतात, मोठ्या राज्याने लहान राज्याशी कसे वागावे, हे प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा येतात. पाण्याची, दरीची, तान्ह्या मुलाची जी रूपके आपण सुटी करून भिंतीवर लावतो, ती मुळात राजनीतीच्या वाक्यांमध्ये गुंफलेली आहेत.

याचा अर्थ आत्मसाधना तिथे दुय्यम आहे असा नव्हे. साधना आणि शासन ही दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत, हे गृहीतकच त्या काळच्या चीनमध्ये लागू पडत नाही. ‘क्वान्त्से’ या मोठ्या संकलनात ‘नेइये’ नावाचे एक छोटे पद्यमय प्रकरण आहे. नावाचा अर्थ साधारणपणे ‘आतले काम’ असा. अभ्यासक ते इ.स.पू. चौथ्या शतकातले मानतात आणि त्याचा संबंध छी राज्याच्या लिन्त्झ या राजधानीतील विद्वत्सभेशी जोडतात. शरीर सरळ ठेवावे, श्वास समावा, मन निश्चल करावे, म्हणजे ‘छी’ ही प्राणशक्ती आपोआप येऊन वस्तीला राहते, असे त्याचे सांगणे. सूचना अगदी घरगुती आहेत. अति खाऊ नये, उपाशीही राहू नये; पोट फार भरले तर चटकन हिंडावे-फिरावे. राग शमवायला काव्य आणि चिंता घालवायला संगीत सुचवले आहे. (साहित्याच्या प्राध्यापकांना एवढा उपयुक्त पुरावा क्वचितच मिळतो, आम्ही तो अनेकदा वापरला आहे.) याच संकलनातल्या शेजारच्या एका प्रकरणात मात्र देहाचेच एक राज्य होते. मन हा राजा, आणि डोळे, कान वगैरे नऊ द्वारे हे त्याचे अधिकारी. राजाने अधिकाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ केली की दरबार बिघडतो, तसेच मन वासनांनी भरले की डोळ्यांसमोरून रंग गेला तरी तो दिसत नाही.

हे रूपक दोन्ही दिशांनी चालते, हे लक्षात घ्यायला हवे. राज्य कसे असावे हे समजण्यासाठी शरीराकडे पाहायचे आणि शरीर कसे राखावे हे समजण्यासाठी राज्याकडे. ‘ताओ ते चिंग’मधला एक अध्याय तर स्वतःपासून घराकडे, घराकडून गावाकडे, गावाकडून राज्याकडे आणि शेवटी आकाशाखालच्या सगळ्या जगाकडे साधना पसरत नेतो. दुसऱ्या एका अध्यायात, जगाइतकीच स्वतःच्या देहाची किंमत ज्याला कळते त्याच्या हाती जग सोपवावे, असा विचार येतो. आपल्याकडच्या वाचकाला तो प्रथमदर्शनी खटकतो. देह तुच्छ मानणारा विरागीच सत्तेला लायक, असे आपल्याला लहानपणापासून सांगण्यात आलेले असते.

इथे एक धोका संभवतो. मराठी मनाला ‘ताओ’ म्हटले की ब्रह्म आठवते आणि ‘वू-वेइ’ म्हटले की निष्काम कर्मयोग. हा धोका आजचा नाही. चिनी नोंदींनुसार सातव्या शतकात कामरूपाचा राजा भास्करवर्मन याने लाओत्सेच्या ग्रंथाची मागणी केली आणि ताइत्सुंग सम्राटाने तो संस्कृतात आणण्याचे काम ह्युएन त्संगला सांगितले. पुलकेशीच्या महाराष्ट्राचे वर्णन करून ठेवणारा तोच हा प्रवासी. इ.स. ६४७च्या सुमाराची ही गोष्ट. ताओपंथी पंडितांना ‘ताओ’साठी ‘बोधि’ हा भारदस्त शब्द हवा होता, तर ह्युएन त्संगचा आग्रह साध्या ‘मार्ग’ या शब्दाचा होता. दोन परंपरांचे शब्द एकमेकांत मिसळू द्यायला तो तयार नव्हता. ते भाषांतर आज उपलब्ध नाही. पण त्या वादात आम्ही ह्युएन त्संगच्या बाजूचे आहोत. ‘वू-वेइ’मध्ये फळाच्या आशेचा प्रश्नच मध्यवर्ती नाही. हात कुठे घालायचा आणि कुठे घालायचा नाही, हा प्रश्न आहे. अर्जुनाला युद्ध करायचेच आहे, फक्त आसक्ती सोडून. लाओत्सेच्या राजाला मुळात पुष्कळशा गोष्टी करायच्याच नाहीत.

शनिवारच्या वाचनात खरी अडचण आली ती तिसऱ्या अध्यायापाशी. ज्ञानी राजाचे शासन कसे असते, तर तो लोकांची मने रिकामी करतो आणि पोटे भरतो, त्यांच्या इच्छा दुबळ्या करतो आणि हाडे बळकट करतो, असा त्या अध्यायाचा आशय आहे. पासष्टावा अध्याय तर लोकांना फार शहाणे करू नये असे उघडच सुचवतो. आम्ही टीकाकारांचे स्पष्टीकरण सांगू लागलो. रिकामे मन म्हणजे अज्ञान नव्हे, हावेपासून मोकळे झालेले मन, इत्यादी. वर्गातल्या एका मुलीचे आईवडील दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, आणि एम. ए.पर्यंत आलेली ती त्यांच्या वस्तीतली पहिलीच. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “मॅडम, पोट भरलेलं, हाडं मजबूत आणि डोकं रिकामं, असाच माणूस तर मुकादमाला पाहिजे असतो.”

या वाक्यावर आम्ही दोघांनी त्या दुपारी काही उत्तर दिले नाही, कारण देण्यासारखे जवळ काही नव्हते. ज्या प्रांतात जोतीराव फुल्यांनी सगळ्या अनर्थांचे मूळ अविद्येत दाखवले, तिथल्या वर्गात हा अध्याय वाचणे ही साधी गोष्ट नाही. प्राचीन ग्रंथाला त्याच्या काळाच्या चौकटीत पाहावे, हे आम्ही विद्यार्थ्यांना उठता-बसता सांगतो. परंतु चौकट दाखवली म्हणजे चित्रातला मजूर नाहीसा होत नाही.

पुढचे काही महिने आम्ही दोघे याच प्रश्नाच्या मागे लागलो. पहिला दुवा पुरातत्त्वात मिळाला. १९७३ साली हूनान प्रांतात मावांगत्वी इथल्या इ.स.पू. १६८मध्ये बंद झालेल्या कबरीत रेशमी वस्त्रावर लिहिलेल्या या ग्रंथाच्या दोन प्रती सापडल्या. त्यांत हे दोन्ही अध्याय आहेत. त्यानंतर वीस वर्षांनी, १९९३ साली, हूपेइ प्रांतात ग्वोत्येन इथे बांबूच्या पट्ट्या सापडल्या. त्या इ.स.पू. ३००च्या सुमाराच्या, म्हणजे आज ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या. त्यांत आजच्या एक्याऐंशी अध्यायांपैकी एकतीस अध्यायांचा मजकूर पूर्णतः किंवा अंशतः येतो. उत्तम राजा तोच, जो आहे एवढेच लोकांना माहीत असते, हा विचार सांगणारा सतरावा अध्याय त्यात आहे. रोज काहीतरी कमी करत जाण्याची साधना सांगणारा अठ्ठेचाळीसावा आहे. स्वतःपासून जगापर्यंत पसरणारा चोपन्नावाही आहे. तिसरा आणि पासष्टावा नाहीत.

यावरून ते अध्याय मागाहून घुसडले गेले असे म्हणण्याचा मोह होतो. आमच्यापैकी एकाला तो झालाही, आणि दुसऱ्याने तो लगेच खोडून काढला. कबरीत ठेवलेल्या पट्ट्या ही कुणीतरी केलेली निवड असू शकते. नसण्यावरून फार सिद्ध होत नाही. मात्र एवढे निश्चित झाले, की हा ग्रंथ एका माणसाने एका रात्री खिंडीत बसून लिहिलेला नाही आणि त्यात एकापेक्षा अधिक मते शेजारी-शेजारी नांदत आहेत. काही अध्यायांत राजा स्वतःला रिकामा करतो. तिसऱ्यात तो लोकांना रिकामे करतो. या दोन रिकामेपणांना एकाच सुरात ‘शून्यता’ म्हणून आळवणे ही भाष्यकारांची सोय आहे. वाचकाने ती स्वीकारण्याचे कारण नाही.

ही सोय पुढे कुठे जाते ते पाहायचे तर हान फेइ वाचावा. इ.स.पू. २३३मध्ये छिन राज्याच्या तुरुंगात मेलेला हा कठोर कायदेवादी. लाओत्सेवरचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने भाष्य त्याच्याच नावाच्या ग्रंथात आहे, आणि सीमा छ्येनने या दोघांची चरित्रे एकाच प्रकरणात घातली आहेत, ते काही उगाच नव्हे. हान फेइचा राजाही शांत आहे, रिकामा आहे, काही करत नाही. कारण त्याने आपली आवड-नावड दाखवली की मंत्री त्याप्रमाणे सोंग घेतील. तो गप्प राहिला तर ते उघडे पडतील. यश आले तर राजाचे, अपयश आले तर मंत्र्यांचे. शब्द सगळे लाओत्सेचे, पण पाण्याचा तलाव आता टेहळणीचा आरसा झाला आहे. आपल्याला असे वरिष्ठ भेटलेले असतात. ते कधी आवाज चढवत नाहीत, कधी लेखी काही देत नाहीत, आणि बैठकीनंतर प्रत्येक जण आपण काय चुकीचे बोललो याचा हिशेब करत घरी जातो. त्यांच्या शांतपणाचे कौतुक करणारे म्हणूनच आम्हाला थोडे संशयास्पद वाटतात.

या दोन टोकांच्या मध्ये इतिहासात एक माणूस उभा आहे, आणि त्याच्याविषयी मराठीत कुणी सविस्तर लिहिलेले आमच्या वाचनात आलेले नाही. त्साओ शन हा हान वंशाच्या संस्थापकाबरोबर लढलेला सेनानी. युद्धे संपल्यावर त्याच्याकडे छी राज्याचा कारभार आला. त्याने विद्वानांना बोलावून राज्य कसे चालवावे ते विचारले. जितके विद्वान तितकी मते निघाली. मग पीतसम्राट आणि लाओत्से यांच्या विचारांत पारंगत असलेल्या काइ नावाच्या एका वृद्धाला त्याने आमंत्रण पाठवले. राज्यकर्ता शांत राहिला की लोक आपोआप स्थिरावतात, असे त्या वृद्धाने सांगितले, आणि त्साओ शनने आपले मुख्य दालन त्याला राहायला दिले. नऊ वर्षे छीचा कारभार असा चालला.

इ.स.पू. १९३मध्ये साम्राज्याचा प्रधानमंत्री श्याओ ह वारला आणि ते पद त्साओ शनकडे आले. त्याने एकही नियम बदलला नाही. अधिकारी निवडताना फार बोलके आणि कीर्तीचे हपापलेले लोक दूर सारले. बोलण्यात मंद पण पोक्त माणसे घेतली. स्वतः मात्र दिवसरात्र मद्य पीत बसला. कुणी उपदेश करायला आला की त्याच्यापुढे पेला ठेवायचा, तो बोलू लागला की पुन्हा भरायचा, आणि शेवटी उपदेश पोटातच ठेवून पाहुणा झिंगत घरी जायचा. त्याच्या बागेला लागून कनिष्ठ अधिकाऱ्यांची निवासस्थाने होती. तिथे रोज पिणे, गाणे, आरडाओरडा. वैतागलेल्या कारकुनाने त्याला मुद्दाम बागेत नेले, की हा गोंधळ कानांवर पडावा आणि त्याने शिक्षा करावी. त्साओ शनने तिथेच मद्य मागवले, बैठक मांडली आणि त्यांच्या गाण्यात आपलाही सूर मिसळला.

तरुण सम्राट हुइ अस्वस्थ झाला. प्रधानमंत्री आपल्याला पोर समजून दुर्लक्ष करतो की काय, असे त्याला वाटले. त्याने त्साओ शनच्या मुलाकरवी बापाला विचारवले, तर बापाने मुलाला दोनशे फटके मारले. अखेर सम्राटाने स्वतःच जाब विचारला. तेव्हा त्साओ शनने मुकुट काढून नम्रपणे प्रतिप्रश्न केला, की आपण थोर की आपले वडील? सम्राट म्हणाला, वडील. मग मी श्रेष्ठ की श्याओ ह? सम्राटाला वाटले, श्याओ ह. तर मग त्यांनी घालून दिलेली घडी आपण दोघांनी मोडू नये, हे बरे नव्हे काय? इ.स.पू. १९०मध्ये तो वारला.

ही कथा आमच्या विद्यार्थ्यांना फार आवडते, फटके सोडून. आम्हालाही आवडते, पण तिच्या पोटातल्या दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. एक म्हणजे, या शांततेला परिस्थितीचाही रेटा होता. वर्षानुवर्षांच्या युद्धांनी देश इतका कंगाल झाला होता, की सम्राटाच्या रथाला एका रंगाचे चार घोडे मिळत नसत आणि मंत्री बैलगाडीतून हिंडत. करायचे म्हटले तरी फार काही करता येण्याजोगे नव्हते. शिवाय जी घडी मोडली नाही ती श्याओ हने बसवलेली, आणि त्याने छिन राजवटीचे पुष्कळसे कायदे पुढे चालू ठेवले होते. न करण्याचे सुख कुणीतरी आधी केलेल्यावर उभे असते.

दुसरी गोष्ट आम्हाला त्या मुलीच्या प्रश्नाकडे नेणारी होती. छिन सम्राटाने इ.स.पू. २१३मध्ये ग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला होता आणि खाजगीरीत्या ग्रंथ बाळगणे गुन्हा ठरला होता. तो कायदा छिन वंश बुडाल्यावरही बरीच वर्षे पुस्तकात राहिला. तो रद्द झाला इ.स.पू. १९१मध्ये, त्साओ शन प्रधानमंत्री असताना. त्याने तो रद्द करवला असे आम्ही म्हणत नाही. परंतु पेला भरत बसलेल्या या माणसाच्या कारकिर्दीत लोकांच्या घरातले ग्रंथ पुन्हा उघड्यावर येऊ शकले, आणि लोकांची मने रिकामी करण्याचा सर्वांत मोठा उद्योग ज्या राजवटीने केला ती तर अहोरात्र ‘करणारी’ राजवट होती. भिंती, रस्ते, मोजमापे, अक्षरांची वळणे, सगळे ठरवणारी.

हान फेइचा राजा आणि त्साओ शन यांच्यातला फरक आम्हाला शेवटी किमतीत दिसला. हान फेइच्या राजाला शांत राहण्याने काहीच गमवावे लागत नाही. उलट दुसऱ्याचे श्रेयही मिळते. त्साओ शन आयुष्यभर आळशी आणि मद्यपी म्हणवून घेतो. सतराव्या अध्यायातल्या राजाचेही तेच. काम झाल्यावर लोक म्हणतात, हे आमचे आम्हीच केले. राज्यकर्त्याची साधना खरी की सोंग, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळणार नाही. कुणाचे काय रिकामे झाले, एवढे पाहावे.

अर्थात ‘वू-वेइ’वरची भक्ती माणसाला सौम्य करतेच असे नाही. दोउ राजमातेने राजपुत्रांना लाओत्से सक्तीने वाचायला लावला. हे नोकरचाकरांच्या तोंडचे बोलणे आहे, असे युआन गू नावाच्या कन्फ्यूशियन पंडिताने म्हणताच तिने त्याला रानडुकराच्या खोड्यात सोडले. सम्राटाने गुपचूप एक धारदार शस्त्र दिले म्हणून पंडित वाचला, डुक्कर मेले.

आमच्या दोघांमधला मतभेद यानंतर सुरू होतो. एकाला त्साओ शन पुरेसा वाटतो. दुसऱ्याला राजाच्या बाजूने विचार करण्याचाच कंटाळा आला आहे आणि तो च्वांगत्सेकडे वळला आहे. च्वांगत्सेच्या ग्रंथातले पो ल या घोडेपारख्याचे प्रकरण तर त्याला वर्गात जायच्या आधी आठवतेच. पो ल आपण घोडे उत्तम हाताळतो म्हणून मिरवतो. तो त्यांना डागतो, कातरतो, खूर तासतो, लगाम घालतो. दहातले दोन-तीन मरतात. मग उपाशी ठेवतो, पळवतो, रांगेत चालायला लावतो. निम्म्याहून अधिक मरतात. जगावर राज्य करणारेही हीच चूक करतात, अशी टिप्पणी पुढे येते. विभागप्रमुख म्हणून हजेरीपट, अंतर्गत गुण आणि मूल्यांकनाच्या फायली सांभाळणाऱ्याला ती वाचताना डागण्याचा वास येतो. त्याचा सहकारी विचारतो, मग व्याकरण शिकवायचे नाही काय? ऊसतोडीच्या तांड्यातून सुटायला त्या मुलीला लगामच उपयोगी पडला. या वादात अजून कुणी जिंकलेले नाही.

दोघांचे एकमत होते ते च्वांगत्सेच्या चौथ्या प्रकरणावर. येन ह्वेइ हा तरुण शिष्य वेइ राज्यात जायला निघाला आहे. तिथला राजा तरुण आणि उच्छृंखल आहे, माणसे मारतो, आणि त्याला सुधारावे अशी येन ह्वेइची तळमळ आहे. च्वांगत्सेने मिस्कीलपणे इथे प्रत्यक्ष कन्फ्यूशियसलाच गुरू केले आहे. गुरू विचारतो, जाऊन करणार काय? येन ह्वेइ एकेक योजना सांगतो. आतून ताठ आणि बाहेरून नम्र राहीन, प्राचीनांची वचने पुढे करीन. गुरू प्रत्येक योजना मोडतो. मग सांगतो, आधी मनाचा उपवास कर. कानांनी नव्हे तर मनाने ऐक, आणि मनानेही नव्हे तर प्राणाने, जो रिकामा असतो आणि समोरच्याची वाट पाहतो. इथे रिकामे व्हायचे आहे ते सत्तेसमोर जाणाऱ्याला, आणि तेही जिवाच्या भयाने नाही, तर आपल्या सद्धेतूची घमेंड आड येऊ नये म्हणून.

तो वेइला गेला का, असे विद्यार्थी हटकून विचारतात. च्वांगत्से ते सांगत नाही. पुढच्याच ओळीपासून दुसऱ्या एका माणसाची कथा सुरू होते. त्याला राजदूत म्हणून छीला धाडले जात आहे. सकाळी हुकूम हाती पडला आणि संध्याकाळपर्यंत पोटात अशी आग पेटली की तो बर्फाचे पाणी पीत बसला आहे.